एशियन फिल्म अवॉर्ड्सची यादी हाताशी घेऊन आशियाई सिनेमा कसा बघावा

मार्च २०२५ मध्ये पायल कपाडियांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला एशियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि दोन दिवस ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर अभिनंदनाचे फोटो फिरले. तिसऱ्या दिवशी एका मित्राचा साधा प्रश्न आला: 'हा पुरस्कार नक्की कुठला? आणि आता यातलं काय बघू?' उत्तर द्यायला बसलो आणि त्याचा हा लेख झाला.

गेली काही वर्षं मी या पुरस्कारांकडे निकाल म्हणून बघत नाही, बघायच्या सिनेमांची यादी म्हणून बघतो. कोण जिंकलं यात मला तसा रस कमी. कोण नामांकनात आलं, कुठल्या विभागात आलं आणि कोणाच्या शेजारी बसलं, यात जास्त. ही यादी नीट वाचता आली तर वर्षभराचा खुराक त्यातून निघतो. कशी वाचायची, ते सांगतो.

आधी पुरस्कार कुठला ते पक्कं करा

नावांचा इथे भयंकर गोंधळ आहे. एशियन फिल्म अवॉर्ड्स २००७ साली हाँगकाँग आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या संस्थेनं सुरू केले. २०१३ मध्ये हाँगकाँग, बुसान आणि टोकियो या तीन महोत्सवांनी मिळून त्यासाठी वेगळी अकादमी काढली आणि तेव्हापासून कारभार तिच्याकडे आहे. ज्युरी असते आणि मत देणारे सदस्यही असतात, त्यांत आधी नामांकन मिळालेले आणि जिंकलेले कलावंत येतात.

एशिया पॅसिफिक स्क्रीन अवॉर्ड्स हा वेगळा पुरस्कार. तोही २००७ चाच, पण ऑस्ट्रेलियातला. त्याचा पसारा पॅसिफिकमधल्या देशांपर्यंत जातो. 'न्यूटन'साठी राजकुमार राव आणि 'भोंसले'साठी मनोज बाजपेयी यांना जो अभिनयाचा पुरस्कार मिळाला तो हा. तैपेईचे गोल्डन हॉर्स हे १९६२ पासूनचे, मुख्यतः चिनी भाषांमधल्या सिनेमांसाठी. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स १९८२ पासूनचे, हाँगकाँगच्या सिनेमांसाठी. बातमीत 'हाँगकाँगमध्ये पुरस्कार' एवढंच असेल तर एशियन फिल्म अवॉर्ड्स की हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स, काहीही असू शकतं, म्हणून पूर्ण नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवा प्रकारही आहे. 'आंतरराष्ट्रीय', 'आशिया', 'गोल्डन' असे शब्द एकत्र करून दर महिन्याला पुरस्कार वाटणारे ऑनलाइन महोत्सव. प्रवेश शुल्क भरा आणि पोस्टरवर लावायला पानांची महिरप घेऊन जा. ओळखायची माझी पद्धत अशी: गेल्या पाच वर्षांचे विजेते शोधायचे. त्यातला एकही सिनेमा कुठे थिएटरात लागलेला किंवा ऐकलेला नसेल आणि एका वर्षात शंभरेक विजेते असतील, तर पुढे शोधायचे कष्ट घेत नाही.

वर्षाचा घोळ

ही पायरी मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. २०१८ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट 'यूथ' असं टिपून ठेवलं होतं. एका रविवारी तो शोधला, लावला, आणि वीस मिनिटं झाली तरी स्वित्झर्लंडमधल्या आलिशान हॉटेलात म्हातारे इंग्रजीत गप्पाच मारतायत. मला वाटलं, चिनी दिग्दर्शकानं काय धाडसी प्रयोग केलाय! तो इटालियन दिग्दर्शकाचा २०१५ चा त्याच नावाचा सिनेमा होता. मला हवा होता फंग श्यावगांगचा, चिनी सैन्याच्या कलापथकातल्या तरुणांचा, आणि तो २०१७ चा.

सोहळ्याचं साल आणि सिनेमाचं साल क्वचितच एक असतं. सोहळा साधारण मार्चमध्ये होतो, हाँगकाँगचा फिल्मार्ट हा चित्रपटांचा बाजार भरतो त्याच सुमाराला, आणि विचार आधीच्या काळातल्या सिनेमांचा होतो. मधली दोन वर्षं तर आणखी विचित्र. २०२० चा सोहळा साथीमुळे ऑक्टोबरात गेला, बुसानहून ऑनलाइन झाला. २०२१ चाही बुसानलाच, ऑक्टोबरात. २०२२ मध्ये झालाच नाही. म्हणून 'ड्राइव्ह माय कार'चा प्रवास बघा: कान महोत्सव जुलै २०२१, ऑस्कर मार्च २०२२, आणि एशियन फिल्म अवॉर्ड मार्च २०२३. तोवर जगानं त्यावर बोलून तोंड पुसलं होतं.

तेव्हा टिपताना तीन गोष्टी लिहा: सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, आणि पहिल्यांदा दाखवला गेला ते साल. सोहळ्याचं साल कंसात टाका हवं तर.

नावं आणि शीर्षकं

जपानी, कोरियन आणि चिनी नावांत आडनाव आधी येतं. बाँग जून-हो यांचं आडनाव बाँग, ली चांग-डाँग यांचं ली. पण इंग्रजीत लिहिताना जपानी नावं बहुतेकदा उलटवतात, कोरियन आणि चिनी बहुतेकदा नाही. त्यामुळे हिरोकाझू कोरे-एदा आणि कोरे-एदा हिरोकाझू ही दोन माणसं नाहीत. उलट कुरोसावा मात्र दोन आहेत: २०२१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट 'वाइफ ऑफ अ स्पाय' हा कियोशी कुरोसावांचा, आणि अकिरा कुरोसावांशी त्यांचं काही नातं नाही. टोनी लेउंगही दोन. २००८ आणि २०२३ मध्ये अभिनयाचा पुरस्कार घेतला तो टोनी लेउंग च्यू-वाय. दुसरा का-फाय. हाँगकाँगचे लोकसुद्धा अर्धं नाव घेऊन थांबत नाहीत.

शीर्षकाचं म्हणाल तर 'मदर', 'मिस्टरी', 'यूथ' असली नावं शोधायला म्हणजे गवताच्या गंजीत सुई. अशा वेळी मूळ भाषेतलं नाव कामाला येतं, आणि त्यातून सिनेमाचा रोखही कळतो. 'द होस्ट'चं कोरियन नाव 'ग्वेमुल', म्हणजे सरळ 'राक्षस'. 'शॉपलिफ्टर्स'चं जपानी नाव 'मानबिकी काझोकू', चोरटं कुटुंब. इंग्रजी नावानं कुटुंब गाळलं, आणि सिनेमा तर सगळा कुटुंबाबद्दल आहे. 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'चं मल्याळम नाव 'प्रभयाय निनच्चतेल्लाम'. यातली प्रभा म्हणजे प्रकाश, आणि नायिकेचं नावही प्रभा. इंग्रजीत ही गंमत हरवली.

यादी उभी नाही, आडवी वाचा

आता मुख्य काम. सध्या सोळा विभाग आहेत: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, दोन साहाय्यक भूमिका, नवा दिग्दर्शक, नवोदित कलाकार, पटकथा, संकलन, छायाचित्रण, संगीत, वेशभूषा, कलादिग्दर्शन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि ध्वनी. बहुतेक लोक पहिला विभाग वाचून पान बंद करतात. मीही करायचो. पहिल्या वर्षी फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटांची यादी केली, क्रमानं बघायला घेतली आणि पाचव्यावर अडकलो. तो अपिचातपोंग वीरसेथाकुल यांचा 'अंकल बूनमी'. मोठा सिनेमा आहे, पण दिवसभर काम करून रात्री अकराला लावायचा नाही. दहा मिनिटांत मान टाकली.

नंतर पद्धत बदलली. कागद घ्या किंवा एक्सेल उघडा. डावीकडे सिनेमांची नावं, वर सोळा विभाग. प्रत्येक नामांकनाला त्या चौकटीत फुली. अर्ध्या तासाचं काम आहे. झालं की चित्र दिसायला लागतं. काही सिनेमांपुढे सहा-सात फुल्या असतात, हे त्या वर्षीचे मोठे, सगळ्यांच्या तोंडी असलेले. काहींपुढे फक्त कला, वेशभूषा आणि इफेक्ट्सच्या: भव्य पोशाखी सिनेमे, मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवा. आणि काहींपुढे एकच फुली, तीही अभिनय, पटकथा किंवा नव्या दिग्दर्शकाच्या रकान्यात. माझा अनुभव असा की सोनं या तिसऱ्या गटात सापडतं. लहान देश, लहान बजेट, ज्यूरीतल्या कुणीतरी हट्टानं आत आणलेला सिनेमा.

उदाहरण घ्या. २०१४ साली वाँग कार-वाय यांच्या 'द ग्रँडमास्टर'नं सात पुरस्कार नेले. चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, सगळं. त्या लाटेतही 'द लंचबॉक्स'ला दोन मिळाले: इरफान खान यांना अभिनयाचा आणि रितेश बत्रा यांना पटकथेचा. त्याच्या आदल्या वर्षी 'तलाश'मधल्या लंगडत्या तैमूरसाठी नवाजुद्दीन सिद्दिकीला साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार होता. फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विजेत्यांची यादी घेऊन बसणाऱ्याला या दोन्ही वर्षी भारत दिसलाच नसता.

मोठ्या विभागाचा इतिहास मात्र एकदा सलग वाचून काढा, कारण त्यात ज्यूरीचा कल दिसतो. सुरुवातीला कोरिया आणि जपान: 'द होस्ट', 'सीक्रेट सनशाइन', 'टोकियो सोनाटा', 'मदर'. मग थायलंड, मग २०१२ मध्ये इराणचा 'अ सेपरेशन'. त्यानंतर २०१३ ते २०१८ सलग सहा वर्षं चिनी भाषेतलेच सिनेमे, मग ते चीनचे असोत, हाँगकाँगचे की तैवानचे. याच काळातले चार सोहळे मकावला झाले. २०१९ पासून पुन्हा जपानकडे झुकलं: 'शॉपलिफ्टर्स', मधे 'पॅरासाइट', मग लागोपाठ तीन सोहळे जपानचे. आणि २०२५ ला पहिल्यांदा भारत. मी यातून कुठला कट शोधत नाही. पण 'आशियातला सर्वोत्तम' ही मोजपट्टी नव्हे, त्या त्या खोलीत बसलेल्या लोकांची आवड आहे, हे ध्यानात ठेवलं की निकालावर भांडायचा वेळ वाचतो. मध्य आशिया, फिलिपिन्स, इंडोनेशिया इकडचे लोक चित्रपटाच्या विभागात नाही तर अभिनयाच्या विभागात भेटतात. २०१२ चा अभिनेता इंडोनेशियाचा दोनी दामारा, २०१३ चे दोन्ही अभिनय पुरस्कार फिलिपिन्सचे एडी गार्सिया आणि नोरा ऑनोर यांना, २०१९ ची अभिनेत्री कझाखस्तानची समाल येस्ल्यामोवा. एवढ्या चार नावांवरून तुमचा एक महिना निघेल.

हा सिनेमा नक्की कोणाचा?

प्रत्येक नावापुढे आणखी तीन छोटे रकाने करा: भाषा, दिग्दर्शक कुठला, पैसा कुठला. २०२५ च्या यादीत याचा धडाच आहे. 'संतोष'साठी शहाना गोस्वामी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या आणि संध्या सुरी नव्या दिग्दर्शक. सिनेमा हिंदीत, गोष्ट उत्तर भारतातली: नवरा गेल्यावर त्याची हवालदाराची नोकरी अनुकंपा तत्त्वावर मिळालेली एक विधवा. दिग्दर्शिका ब्रिटिश, आणि ऑस्करला तो ब्रिटननं पाठवला. भारतात सेन्सॉरनं सांगितलेल्या कापाकापीमुळे थिएटरात लागलाच नाही. आता हा कुणाचा म्हणायचा?

'ऑल वुई इमॅजिन'मध्येही फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्गचा पैसा आहे आणि भाषा मुख्यतः मल्याळम, सोबत हिंदी आणि मराठी. कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवूनही भारताकडून ऑस्करला तो गेला नाही, 'लापता लेडीज' गेला. हे रकाने देशाभिमानासाठी नाहीत. पैसा कुठून आला हे कळलं की सिनेमा कुठल्या प्रेक्षकाला समजावून सांगतोय आणि कुठे गृहीत धरतोय, हे बघताना टोचायला लागतं. तेच तर बघायचं असतं.

दोन सिनेमे, जवळून

विभागाचं नाव डोक्यात ठेवून सिनेमा बघायचा, ही माझी सगळ्यात आवडती पायरी. सुरुवात 'द होस्ट'पासून करा. २००७ च्या पहिल्याच सोहळ्यात त्याला चित्रपट, अभिनेता, छायाचित्रण आणि व्हिज्युअल इफेक्ट्स असे चार मिळाले. दोन वेळा बघा. पहिल्यांदा मजेत. दुसऱ्यांदा फक्त पहिली पंधरा-वीस मिनिटं.

सोलमध्ये हान नदीच्या काठी टपरी. गांग-दू (साँग कांग-हो) गिऱ्हाइकाच्या भाजलेल्या माकुळाचा (स्क्विडचा) एक पाय स्वतःच खाऊन टाकतो, बाप त्याला त्यावरून झापतो. तेवढ्यात काठावरच्या लोकांना पुलाखाली काहीतरी लोंबकळताना दिसतं. ते पाण्यात पडतं. लोक काय करतात? फोटो काढतात, बियरचे कॅन आणि खाऊ फेकतात. प्राणिसंग्रहालयात वागतात तसे. आणि मग तो प्राणी लख्ख उन्हात काठावरून धावत येतो. राक्षसाच्या सिनेमात राक्षस अंधारात, पावसात आणि शेवटी दाखवायचा हा रिवाज. इथे तो दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि धावताना चक्क अडखळतो. इफेक्ट्सच्या फुलीचा अर्थ इथे कळतो: त्या जनावराला वजन आहे. आणि अभिनयाच्या फुलीचा अर्थ कळायला त्या माकुळाच्या पायाकडे बघा. गांग-दू किती बेजबाबदार आहे हे एका घासात सांगून झालं, आता पुढचे दोन तास त्याच माणसाला बापाची जबाबदारी घ्यायची आहे.

दुसरा, पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन'. यात धावपळ नाही, म्हणून वेगळ्या तऱ्हेनं बघा. मुंबईतली मल्याळी नर्स प्रभा (कनी कुसृती). नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेला, फोनही येत नाही. एके दिवशी पार्सल येतं, पाठवणाऱ्याचं नाव नाही: लालचुटूक राइस कुकर, जर्मनीत बनलेला. तो ठेवायचा कुठे, वापरायचा का, कुणी काही बोलत नाही. मग एका रात्री प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. संवाद शून्य. पटकथेत हे वाक्य केवढंसं असेल, आणि पडद्यावर केवढं होतं.

मराठी कान असलेल्यांना इथे एक जादा गोष्ट मिळते, छाया कदम. त्यांची पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते, नवरा गिरणीत होता, तो गेला, आणि घर आपलं आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डर दारात. वैतागून ती आणि प्रभा रात्री त्याच्या होर्डिंगवर दगड मारतात. परदेशी समीक्षकांनी सबटायटलवरून पार्वती वाचली, आपल्याला तिचा सूर थेट ऐकू येतो. सुरुवातीला शहरात आलेल्या लोकांचे वेगवेगळ्या भाषांतले आवाज आहेत, तिथेही हेडफोन लावून ऐका.

सबटायटल्स आणि बघायची बैठक

थोडक्यात सांगतो. डब केलेली आवृत्ती टाळा, अभिनयाच्या विभागासाठी बघत असाल तर डबिंगनं अर्धा अभिनय गेला. मूळ भाषेचा आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स, एवढं जमवा. वाचायची सवय नसेल तर पहिले दोन सिनेमे कमी बोलणारे निवडा. र्‍युसुके हामागुचींचा 'इव्हिल डझ नॉट एक्झिस्ट' (२०२४ चा सोहळा) यासाठी चांगला. जंगल, पाणी, लाकूडतोड, आणि मधोमध गावकऱ्यांची एक सभा, जिथे पर्यटकांच्या तंबूंसाठीची सेप्टिक टाकी कुठे बसवायची यावर खडाजंगी होते. वरचं पाणी खालीच येणार, हा एका म्हाताऱ्याचा मुद्दा सिनेमाभर पुरतो. मुळात हे सगळं संगीतकार एइको इशिबाशी यांच्या मंचीय कार्यक्रमासाठी चित्रं हवीत म्हणून सुरू झालं होतं, म्हणून कानही उघडे ठेवा.

कुठे मिळेल हे मी सांगत नाही. प्लॅटफॉर्मवरचे हक्क बदलत राहतात, आज आहे ते पुढच्या महिन्यात नसतं. शोधताना इंग्रजी नाव, मूळ नाव आणि दिग्दर्शक असं तिन्हींनी शोधा. आठवड्याला एक, याहून जास्त नको. दोन सिनेमे मागोमाग बघितले की पहिला पुसला जातो.

सोहळ्याच्या दिवशी

नामांकनं सोहळ्याच्या काही आठवडे आधी जाहीर होतात. त्या दिवशीच तुमचा तक्ता तयार करा आणि बघितलेल्या सिनेमांपुरताच अंदाज लावा. न बघितलेल्यांवर पैज लावणं म्हणजे घोड्यांची शर्यत. सोहळा ऑनलाइन बघायला मिळाला तर वेळेचं गणित ध्यानात असू द्या: हाँगकाँग आपल्यापुढे अडीच तास, तिथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे पाच. भाषणं कँटोनीज, मँडरिन, जपानी, कोरियन अशी मिसळीची असतात, सगळी समजणार नाहीत. मी तेवढ्या वेळात चहा टाकून येतो. संकलन, ध्वनी, वेशभूषा यांचे पुरस्कार सुरू झाले की मात्र उठत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या तक्त्यात पहिली नावं मी तिथूनच उचलतो.